घरभाडे व्यवहार (महाराष्ट्र)

घरभाडे व्यवहार म्हणजे स्थावर मालमत्तेच्या मालकाने आपले घर, खोली, दुकान किंवा गोदाम ठरावीक मोबदल्यात दुसऱ्याच्या वापरासाठी देण्याचा व्यवहार होय. महाराष्ट्रात हा व्यवहार प्रामुख्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने नियंत्रित होतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यापूर्वी मुंबई व पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या तीन भागांत तीन वेगवेगळे कायदे लागू होते. अमरावती, अकोला आणि मोर्शीसारख्या वऱ्हाडातील गावांमधील जुन्या भाडेव्यवहारांवर त्या काळाची छाप अजूनही आढळते.

प्रस्तुत लेखात घरमालकाची कायदेशीर कर्तव्ये, करार करण्याची पद्धत, ताबा परत मिळवण्याचे मार्ग, तसेच भाड्याच्या उत्पन्नासाठी घर घेणाऱ्या नव्या गुंतवणूकदाराने विचारात घ्यावयाच्या बाबी यांचा आढावा घेतला आहे.

संज्ञा

मालमत्ता भाड्याने देणाऱ्यास घरमालक व घेणाऱ्यास भाडेकरू म्हणतात. वऱ्हाडात बोलीमध्ये भाड्यासाठी ‘किराया’ आणि भाडेकरूसाठी ‘किरायेदार’ हे शब्द रूढ आहेत. करार करताना घरमालकाकडे ठेवली जाणारी व घर सोडताना परत मिळणारी रक्कम ‘अनामत’ किंवा ‘डिपॉझिट’ या नावाने ओळखली जाते. परत न मिळणाऱ्या एकरकमी मोबदल्यास ‘पागडी’ म्हणतात. पूर्वीच्या मुंबई कायद्याखाली पागडी घेणे गुन्हा होता. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५६ ने भाडेपट्टा देताना किंवा हस्तांतरित करताना अशी रक्कम घेण्यास मुभा दिली.

भाडेकरूने मालकाच्या संमतीविना जागेचा ताबा तिसऱ्या व्यक्तीस भाड्याने दिल्यास त्यास ‘पोटभाडेकरू ठेवणे’ असे म्हणतात. करारात तशी परवानगी नसेल तर कलम २६ नुसार ते बेकायदेशीर ठरते.

इतिहास

मुंबई प्रांत

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतील घरटंचाई आणि फाळणीमुळे आलेले निर्वासित या पार्श्वभूमीवर मुंबई प्रांतात मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ संमत झाला. या कायद्याने भाडे जवळपास गोठवले आणि भाडेकरूस निष्कासनापासून संरक्षण दिले. भाडेपट्टा टाळून ‘परवान्या’वर जागा देण्याची पद्धत वाढल्याने १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता व जे जागेचा प्रत्यक्ष वापर करीत होते, त्यांना त्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा दिला. ‘परवान्यावर दिलेले घरही परत मिळत नाही’ ही घरमालकांमधील धारणा याच काळात दृढ झाली आणि अनेकांनी घरे भाड्याने देण्याऐवजी कुलूपबंद ठेवणे पसंत केले.

गोठवलेले भाडे दीर्घकाळ तसेच राहिल्याने मालकांनी न्यायालयात दाद मागितली. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये निर्णय दिला. प्रारंभी वाजवी असलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे मत न्यायालयाने त्यात नोंदवले. नव्या एकत्रित कायद्याच्या निर्मितीस या निर्णयाने चालना दिली.

वऱ्हाड व मध्य प्रांत

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला गेला. त्यामुळे अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांना मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा लागू नव्हता. येथे मध्य प्रांत व वऱ्हाड निवासस्थाने भाड्याने देण्याचे विनियमन अधिनियम, १९४६ आणि त्याखाली काढलेला घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९ लागू होता. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतरही ही व्यवस्था कायम राहिली.

या आदेशाची रचना मुंबईच्या कायद्याहून वेगळी होती. घर रिकामे झाल्यास मालकाने त्याची माहिती प्रशासनास कळवणे आवश्यक होते आणि प्रशासन ते घर शासकीय नोकर किंवा निर्वासित अशा पात्र व्यक्तीस देण्याचा आदेश काढू शकत असे. भाडेकरूस काढण्यासाठी मालकास थेट दिवाणी न्यायालयात जाता येत नसे. आदेशाच्या खंड १३ नुसार प्रथम भाडे नियंत्रकाकडून भाडेपट्टा संपुष्टात आणण्याची लेखी परवानगी घ्यावी लागे. तीन महिन्यांची थकबाकी, भाडे देण्यात सतत दिरंगाई, पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची स्वतःच्या वापरासाठी खरी गरज, अत्यावश्यक दुरुस्ती ही परवानगीची प्रमुख कारणे होती. परवानगी मिळाल्यानंतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली नोटीस देऊन ताब्यासाठी स्वतंत्र दिवाणी दावा दाखल करावा लागे. अशा रीतीने एकाच वादासाठी महसुली व दिवाणी अशा दोन पायऱ्या चढाव्या लागत.

एकत्रित कायदा

१९९९ च्या अधिनियमाने मुंबईचा १९४७ चा कायदा, मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा कायदा आणि मराठवाड्यात लागू असलेला हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व भाडेपट्टा) नियंत्रण अधिनियम, १९५४ हे तिन्ही कायदे रद्द केले. विदर्भापुरता याचा सर्वांत मोठा परिणाम म्हणजे भाडे नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीची पायरी संपली आणि ताब्याचा वाद थेट न्यायालयापुढे येऊ लागला.

हा अधिनियम त्याच्या अनुसूचींमध्ये नमूद केलेल्या क्षेत्रांतील निवास, शिक्षण, व्यवसाय, व्यापार किंवा साठवण यांसाठी दिलेल्या जागांना लागू होतो. अनुसूचीबाहेरील खेड्यांतील भाडेपट्ट्यांना मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या सर्वसाधारण तरतुदी लागू होतात. शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागा, तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाड्याने दिलेल्या जागा कलम ३ नुसार या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. एखाद्या गावात बँकेच्या शाखेसाठी गाळा देणाऱ्या मालकाचे हक्क शेजारच्या किराणा दुकानदारास गाळा देणाऱ्या मालकाच्या हक्कांहून वेगळे असतात, ते यामुळेच.

भाडेपट्टा आणि परवाना यांतील फरक

घर देण्याचे दोन कायदेशीर प्रकार आहेत. नव्या घरमालकाच्या दृष्टीने त्यांतील फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

भाडेपट्टा हा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ खालील व्यवहार असून त्यात मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क भाडेकरूकडे हस्तांतरित होतो. अशा भाडेकरूस १९९९ च्या अधिनियमाचे संरक्षण मिळते. मुदत संपली एवढ्याच कारणावरून त्यास काढता येत नाही. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू म्हणून पुढे राहू शकतो.

परवाना हा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ खालील व्यवहार आहे. त्यात मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, केवळ वापराची अनुमती मिळते. प्रचारात यास ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार म्हणतात. निवासासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर कलम २४ नुसार मालकास राज्य शासनाने नियुक्त केलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या वापरासाठी परवानाधारक परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्यास पात्र ठरतो. लेखी करारातील मजकूर हा त्यात नमूद वस्तुस्थितीचा निर्णायक पुरावा मानला जातो.

कलम २४ ची ही जलद कार्यपद्धती केवळ निवासी परवान्यांना लागू आहे. दुकान, दवाखाना किंवा गोदाम परवान्यावर दिल्यास ताब्यासाठी न्यायालयाचाच मार्ग अवलंबावा लागतो. तसेच कराराच्या शीर्षकात ‘परवाना’ असे लिहिल्याने भाडेपट्ट्याचा परवाना होत नाही. वाद झाल्यास पक्षकारांचा खरा हेतू आणि ताब्याचे स्वरूप न्यायालय पाहते.

करार

लेखी करार व नोंदणी

अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाडेपट्टा व परवाना या दोन्ही प्रकारचे करार लेखी असणे व नोंदणी अधिनियम, १९०८ खाली त्यांची नोंदणी होणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी न केल्यास घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यवहारात याहून गंभीर परिणाम दुसराच आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाडे किती ठरले होते, परवाना होता की भाडेपट्टा, अनामत किती दिली, या सर्व प्रश्नांत तोंडी व्यवहार करणारा मालक दुबळ्या स्थितीत येतो.

अकरा महिन्यांचा समज

अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी अनिवार्य करणारी सर्वसाधारण तरतूद हे त्याचे मूळ आहे. वर्षाच्या आत राहण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. मात्र महाराष्ट्रात १९९९ चा अधिनियम लागू असलेल्या क्षेत्रात कलम ५५ मुदतीचा असा कोणताही भेद करीत नाही. मुद्रांक कागदावर लिहून नोटरीसमोर साक्षांकित केलेला अकरा महिन्यांचा करार नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

मुद्रांक शुल्क

परवाना करारावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३६-अ नुसार शुल्क आकारले जाते. ६० महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी ते एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असते. एकूण रकमेत संपूर्ण मुदतीचे परवाना शुल्क, परत न मिळणारी अनामत आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्के दराने मानलेले व्याज यांचा समावेश होतो. उदाहरणार्थ, २४ महिन्यांचा करार, दरमहा ९,५०० रुपये आणि ६०,००० रुपये अनामत असेल, तर :

• परवाना शुल्क : ९,५०० × २४ = २,२८,००० रुपये
• अनामतीवरील मानीव व्याज : ६,००० × २ = १२,००० रुपये
• एकूण : २,४०,००० रुपये
• मुद्रांक शुल्क (०.२५ टक्के) : ६०० रुपये

यावर नोंदणी फी स्वतंत्रपणे भरावी लागते. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते. निवासी परवाना करारासाठी राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाने आधार पडताळणीवर आधारित ऑनलाइन नोंदणीचीही सोय केली आहे.

करारातील आवश्यक बाबी

करारात सर्वसाधारणपणे पुढील बाबी स्पष्ट लिहिल्या जातात :

• जागेचा पूर्ण तपशील : मालमत्ता क्रमांक, क्षेत्रफळ, मजला, सामाईक अंगण, जिना, गच्ची व विहीर किंवा बोअर यांच्या वापराचा हक्क
• मुदत, भाड्याची रक्कम, ती देण्याची तारीख व पद्धत
• अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत व त्यातून कोणती वजावट करता येईल
• वीजबिल, पाणीपट्टी व मालमत्ता कर कोण भरणार
• वापराचा हेतू व राहणाऱ्या व्यक्तींची संख्या
• मुदतपूर्व घर सोडण्यासाठी दोन्ही बाजूंनी द्यावयाची नोटीस
• पंखे, दिवे, मोटार, नळ, कपाटे यांची यादी व त्यांची स्थिती
• ताबा देण्याच्या दिवशीचे वीजमीटर वाचन

वस्तूंच्या यादीवर दोन्ही पक्षांच्या सह्या व सोबत छायाचित्रे असल्यास अनामत परत करण्याच्या वेळचे बहुतांश वाद टळतात. घराच्या सर्वसाधारण वापराने होणारी झीज आणि भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान या भिन्न गोष्टी आहेत. भिंतीचा फिका पडलेला रंग पहिल्या प्रकारात मोडतो, तर फुटलेले भांडेपात्र किंवा उखडलेला दरवाजा दुसऱ्या प्रकारात.

भाडेकरूची पडताळणी

करारापूर्वी भाडेकरूचे ओळखपत्र, कायमचा पत्ता, नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा आणि शक्य असल्यास पूर्वीच्या घरमालकाचा अभिप्राय घेण्याची पद्धत आहे. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यास देण्याचे आदेश पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी काढतात. असा आदेश लागू असताना माहिती न देणे हा घरमालकाचा अपराध ठरतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावरूनही ही माहिती देता येते. पोलिसांना माहिती देणे आणि कराराची नोंदणी करणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. एक पूर्ण केल्याने दुसऱ्यातून सूट मिळत नाही.

भाडे, अनामत व पावती

भाडेपट्ट्यावरील जागेचे भाडे दरसाल ४ टक्के वाढवण्याचा अधिकार कलम ११ ने मालकास दिला आहे. जागेत विशेष सुधारणा किंवा भर घातल्यास त्या खर्चाच्या प्रमाणात अधिक वाढ करता येते. परवाना करारात वाढ कराराप्रमाणे ठरते. दुसऱ्या वर्षी ५ टक्के किंवा १० टक्के वाढ, अशी स्पष्ट नोंद त्यात केली जाते.

निवासी अनामतीची कमाल मर्यादा १९९९ च्या अधिनियमाने ठरवून दिलेली नाही. ती परस्पर संमतीने ठरते. मात्र अनामत ही मालकाचे उत्पन्न नसून परत करावयाचे देणे आहे. ती घराच्या बांधकामात किंवा घरखर्चात वापरून टाकल्यास भाडेकरू घर सोडताना अडचण उभी राहते. अशा वेळी नव्या भाडेकरूच्या अनामतीतून जुन्याची अनामत फेडली जाते आणि नवा भाडेकरू मिळेपर्यंत जुना अडकून पडतो.

मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे कलम ३१ नुसार घरमालकाचे कर्तव्य आहे व ती न देणे दंडनीय आहे. पावती दोघांच्याही हिताची असते. भाडेकरूस ती घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी लागते, तर थकबाकीच्या दाव्यात मालकास नियमित पावतीपुस्तक पुरावा म्हणून उपयोगी पडते. थकलेले भाडे वसूल करण्यासाठी मुदत अधिनियम, १९६३ नुसार तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

दुरुस्ती व अत्यावश्यक सेवा

जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे कलम १४ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. योग्य वेळी व पूर्वसूचना देऊन जागेची पाहणी करण्याचा हक्क मालकास कलम २८ ने दिला आहे.

पाणी, वीज, जिन्यातील दिवे, स्वच्छतागृह यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडणे किंवा रोखणे कलम २९ नुसार गुन्हा आहे. भाडे थकले असले तरी मालकास वीज किंवा पाणी बंद करता येत नाही. भाडेकरूच्या अनुपस्थितीत कुलूप बदलणे किंवा सामान बाहेर काढणे हेही बेकायदेशीर आहे. अशा रीतीने ताबा गमावलेली व्यक्ती विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून, मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून, केवळ ताबा परत मिळवू शकते. थकबाकीमुळे न्याय्य बाजूस असलेला मालक अशा एका कृतीने स्वतःच आरोपी होतो.

विजेच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक असते. घरगुती जोडणीवर दुकान किंवा शिकवणीवर्ग चालवल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. जोडणी मालकाच्या नावावर असल्याने देयक त्याच्याच नावे येते. म्हणून घराचा हेतू बदलत असल्यास महावितरणकडून योग्य वर्गवारीची स्वतंत्र जोडणी घेणे हितावह असते.

ताबा परत मिळवणे

थकबाकीच्या कारणावरून

कलम १५ नुसार भाडेकरू प्रमाण भाडे देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तोपर्यंत मालकास थकबाकीच्या कारणावरून ताबा मागता येत नाही. थकबाकी असल्यास मालकाने प्रथम लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस पूर्ण झाल्याशिवाय दावा करता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने संपूर्ण थकबाकी १५ टक्के सरळ व्याज व दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली व पुढेही नियमित भाडे भरत राहिला, तर निष्कासनाचा हुकूमनामा होत नाही.

इतर कारणांवरून

कलम १६ मध्ये इतर कारणे दिली आहेत. त्यांतील प्रमुख अशी :

• जागेचे नुकसान करणे
• संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम करणे
• शेजाऱ्यांना उपद्रव देणे
• बेकायदेशीर पोटभाडेकरू ठेवणे
• मालकास स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वापरासाठी वाजवी व खरी गरज असणे
• दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीची आवश्यकता
• दाव्यापूर्वी सलग सहा महिने योग्य कारणाविना जागा ठरलेल्या हेतूसाठी न वापरणे

स्वतःच्या गरजेच्या कारणात न्यायालय दोन्ही बाजूंच्या अडचणींची तुलना करते. हुकूमनामा दिल्याने भाडेकरूची होणारी अडचण तो नाकारल्याने मालकाची होणाऱ्या अडचणीहून मोठी असेल, तर ताबा दिला जात नाही. या कारणावर ताबा मिळाल्यास मालकाने कलम १७ नुसार एका महिन्यात जागा वापरात आणणे अपेक्षित असते आणि वर्षभर ती इतरांस देता येत नाही.

मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. लघुवाद न्यायालय नसलेल्या तालुका ठिकाणी ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात व त्यांच्या निर्णयावर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

बारा वर्षांचा समज

भाडेकरू बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते, ही समजूत चुकीची आहे. मुदत अधिनियमातील बारा वर्षांची तरतूद मालकीस विरोध करून ठेवलेल्या प्रतिकूल ताब्यास लागू होते. भाडेकरूचा ताबा मालकाच्या अनुमतीने असतो. तसेच भाडेपट्टा चालू असताना प्रारंभी घर देणाऱ्याची मालकी नाकारण्यास पुरावा कायदा भाडेकरूस प्रतिबंध करतो. मात्र जागेचे भाडे घेणे, पावती देणे व कर भरणे मालकाने वर्षानुवर्षे सोडून दिल्यास संबंध सिद्ध करणे कठीण होते. समजुतीमागील धोका असल्यास तो एवढाच आहे.

गुंतवणूक म्हणून घर

मालमत्तेची तपासणी

भाड्याच्या उत्पन्नासाठी घर किंवा भूखंड घेताना मालकी व भूमापन अभिलेख तपासले जातात. नागरी भूमापन झालेल्या क्षेत्रात मालमत्ता पत्रक (आखीव पत्रिका), शेतजमिनीवरील अभिन्यासात सातबारा व अकृषक परवानगी आणि ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८ चा उतारा पाहिला जातो. मात्र कर आकारणीचा उतारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नसतो.

नागपूर व अमरावती महसूल विभागांत नझूल जमिनीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. नझूल म्हणजे शासनाच्या मालकीची, बहुधा मुदतीच्या पट्ट्यावर दिलेली नागरी जमीन. अशा भूखंडावर घर खासगी असले तरी जमीन शासनाची असते. म्हणून पट्ट्याची मुदत, नूतनीकरण व हस्तांतरणाच्या अटी आणि भूखंडाचे भोगवटादार वर्ग-१ मध्ये रूपांतर झाले आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

आधीपासून भाडेकरू असलेले घर विकत घेतल्यास नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो. भाडेकरूचा हक्क विक्रीने संपत नाही. जुन्या वऱ्हाडी वाड्यांतील अनेक खोल्या १९४९ च्या आदेशाच्या काळापासून भाड्याने असतात. अशा वाड्याची किंमत ठरवताना हा भार विचारात घ्यावा लागतो.

परताव्याचे गणित

वार्षिक भाड्यास मालमत्तेच्या किमतीने भागून येणारे टक्केवारीतील प्रमाण म्हणजे भाड्याचा स्थूल परतावा. कर, दुरुस्ती व रिकाम्या काळाची वजावट केल्यावर निव्वळ परतावा मिळतो. समजा, घराची किंमत २५ लाख रुपये व भाडे दरमहा ९,५०० रुपये आहे :

• वार्षिक भाडे : १,१४,००० रुपये (स्थूल परतावा ४.५६ टक्के)
• वजा मालमत्ता कर ४,००० रुपये, दुरुस्ती १०,००० रुपये, एक महिना रिकामे घर ९,५०० रुपये
• शिल्लक : ९०,५०० रुपये (निव्वळ परतावा ३.६२ टक्के)

हेच घर २० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढून घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपये येतो आणि पहिल्या महिन्याचे व्याजच १५,००० रुपये असते. म्हणजे भाड्यातून जेमतेम निम्मा हप्ता भागतो. उरलेला भार मालकाच्या इतर उत्पन्नावर पडतो. किंमत वाढेल या अपेक्षेवर असा व्यवहार केला जातो, परंतु ती वाढ घर विकल्यावरच हाती येते, तर हप्ता दरमहा द्यावा लागतो. म्हणून किमान सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील इतकी रोकड बाजूस ठेवणे सुरक्षित मानले जाते.

कर

घरभाड्याचे उत्पन्न ‘गृहसंपत्तीपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली करपात्र असते. वार्षिक भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा केला जातो. उरलेल्या रकमेवर दुरुस्ती व देखभालीसाठी ३० टक्के प्रमाण वजावट मिळते. त्यासाठी प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. वरील उदाहरणात घर वर्षभर भाड्याने राहिल्यास १,१४,००० मधून ४,००० वजा जाता १,१०,००० उरतात. त्याचे ३० टक्के, म्हणजे ३३,००० वजा केल्यावर ७७,००० रुपये हे उत्पन्न ठरते. गृहकर्जाचे व्याजही यातून वजा होते. ही रचना प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील असून १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्येही ३० टक्क्यांची वजावट कायम ठेवण्यात आली आहे.

मोर्शी व तालुक्याची गावे

मोर्शी हे अमरावतीच्या ईशान्येस असलेले तालुक्याचे ठिकाण असून येथे नगर परिषद आहे. तालुक्यातील सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. मोर्शी व शेजारचा वरूड तालुका संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. अमरावती–नरखेड रेल्वेमार्ग या भागातून जातो.

अशा गावांतील भाडेबाजार महानगरांहून वेगळा असतो. महसूल, पंचायत समिती, शाळा, बँका व आरोग्य सेवेतील कर्मचारी हा भाडेकरूंचा एक स्थिर वर्ग होय. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा असून नियमित बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस सुरू होतात. परिणामी मे व जून हा घरे बदलण्याचा मुख्य काळ ठरतो. कराराची मुदत मे अखेरीस संपेल अशी ठेवल्यास घर रिकामे राहण्याचा काळ कमी होतो. बदलीची शक्यता असलेल्या भाडेकरूसाठी एका महिन्याच्या नोटिसीने करार संपवण्याची अट दोघांनाही सोयीची असते.

दुसरा वर्ग व्यापारी व हंगामी व्यावसायिकांचा आहे. संत्र्याचा अंबिया बहार साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो. या काळात साठवण व प्रतवारीसाठी जागा लागते. काही महिन्यांसाठी दिलेल्या अशा जागेचा करारही लेखी व मुदतबंद असणे आवश्यक आहे, कारण तोंडी दिलेली हंगामी जागा पुढील हंगामापर्यंत तशीच अडकून राहू शकते.

घराच्या बांधणीतही स्थानिक हवामानाचा विचार करावा लागतो. वऱ्हाडातील तीव्र उन्हाळ्यात कूलरमुळे वीज व पाणी या दोहोंचा वापर वाढतो. एकाच मीटरवर दोन कुटुंबे असल्यास उपमीटर नसणे हे वादाचे हमखास कारण ठरते. उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याचे दिवस कमी झाल्यास टाकीतील पाण्याची वाटणी कशी करावयाची, हेही आधी ठरवून ठेवले जाते. गच्चीची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यातच पूर्ण करण्याची प्रथा आहे.

तालुक्याच्या गावात घरमालक व भाडेकरू बहुधा एकाच अंगणात राहतात. अनेक निवृत्त शिक्षक, विधवा महिला व लहान शेतकरी यांच्या दृष्टीने दोन खोल्यांचे भाडे हे दरमहा हाती येणारे मोजके खात्रीचे उत्पन्न असते, तर भाडेकरूच्या मुलांचे शिक्षण त्या छपरावर अवलंबून असते. ओळखीपाळखीमुळे करार न करण्याकडे दोघांचाही कल असतो. वाद मात्र बहुतेक वेळा मूळ दोघांमध्ये न होता त्यांच्या पुढील पिढीत होतो, जेव्हा तोंडी शब्दाचा साक्षीदार उरलेला नसतो.

आदर्श भाडेकरार अधिनियम

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार अधिनियमास मंजुरी दिली. त्यात निवासी जागेसाठी कमाल दोन महिन्यांची व अनिवासी जागेसाठी सहा महिन्यांची अनामत, जिल्हा स्तरावर भाडे प्राधिकरण, स्वतंत्र भाडे न्यायालय व न्यायाधिकरण अशा तरतुदी सुचवल्या आहेत. जमीन व घरभाडे हे विषय राज्यांच्या अखत्यारीत येत असल्याने हा मसुदा राज्याने स्वतःचा कायदा करून स्वीकारल्यावरच त्या राज्यात लागू होतो. त्यामुळे दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा महाराष्ट्रातील करारांना आपोआप लागू होत नाही.

हेही पाहा

• महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९
• मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२
• मुद्रांक शुल्क
• नझूल जमीन
• मध्य प्रांत व वऱ्हाड
• मोर्शी तालुका